पिशवी काढल्यानंतर

(दृश्य : रुग्णालयाचा व्हरांडा. बाकावर नातेवाईक, मांडीवर फाइली.)

मराठीत ‘पिशवी काढली’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला आधी गर्भाशय आठवतं. मूत्राशयालाही आपण पिशवीच म्हणतो. आणि ते काढल्यावर लघवी साठायला पोटावर जी चिकटवतात, तीही पिशवीच. डॉक्टर एका पिशवीबद्दल सांगत असतात, घरचे दुसरीबद्दल ऐकत असतात. म्हणून हे आधीच स्पष्ट करू : आज बोलायचंय ते मूत्राशयाबद्दल.

कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला, की बऱ्याचदा अख्खं मूत्राशय काढावं लागतं. या रोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान, आणि विडीही त्यातच आली. गाठ निघते. पण मूत्रपिंडं काही थांबत नाहीत. रोज दीड-दोन लिटर लघवी तयार होतच राहते. ती जाणार कुठं? पावणेदोनशे वर्षं शल्यचिकित्सक या एका प्रश्नाशी झगडताहेत.

(दृश्य : जुन्या लंडनचं रेखाचित्र.)

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या जॉन सायमन यांनी 1852 मध्ये एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मतःच त्याचं मूत्राशय पोटावर उघडं होतं. सायमन यांनी मूत्रवाहिन्यांना, म्हणजे मूत्रपिंडाकडून लघवी खाली आणणाऱ्या नळ्यांना, गुदाशयात वाट करून दिली. मुलगा त्यानंतर जेमतेम वर्षभर जगला. तरी पुढं सुधारत सुधारत हीच वाट कर्करोगाच्या रुग्णांसाठीही वापरात आली, कारण पोटावर काही लावावं लागत नव्हतं.

तिची किंमत हळूहळू कळत गेली. विष्ठेतले जंतू उलटे मूत्रपिंडापर्यंत चढत. माणसं थकत, अन्नावरची वासना उडे, काहींची हाडं ठिसूळ होत. 1950 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फेरिस आणि ओडेल यांनी अशा रुग्णांच्या रक्तात काय बिघडतं, ते मांडलं. आतडं घडलंय शोषून घेण्यासाठी. त्यात लघवी साठली, की तिच्यातलं अमोनियम आणि क्लोराइड ते परत रक्तात घेतं. रक्तातलं आम्ल वाढतं, आणि ते निवळण्यासाठी शरीर हाडांतले क्षार उपसत राहतं. मूत्रपिंड जे घराबाहेर टाकत होतं, आतडं ते पुन्हा घरात आणत होतं.

त्याच वर्षी, 1950 मध्येच, अमेरिकेतल्याच सेंट लुईचे शल्यचिकित्सक यूजीन ब्रिकर यांनी आपली पद्धत मांडली. त्यात लघवी साठवायचीच नाही. लहान आतड्याचा वीतभर तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट सुटा करायचा, उरलेलं आतडं पुन्हा जोडून घ्यायचं. तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या शिवायच्या, दुसरं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढायचं. त्यावर पिशवी. आजही जगभर मूत्राशय काढल्यावर सर्वाधिक केली जाते ती हीच रचना.

(दृश्य : कात्रीनं उभी चिरलेली कापडी नळी, ती दुमडून शिवली जाते.)

पण पोटावर पिशवी नकोच, असं वाटणारी माणसंही होती. फ्रान्सच्या मोरिस कामे यांनी आतड्याचा लांब तुकडा थेट मूत्रमार्गाला, म्हणजे लघवी बाहेर पडण्याच्या नैसर्गिक वाटेला, जोडून पाहिला. आतडं मात्र आपला स्वभाव सोडेना. अन्न पुढं ढकलावं तशा लाटा त्यात उठत, दाब वाढे आणि रात्री अंथरूण भिजे. यावरचा तोडगा शिवणकाम जाणणाऱ्या कुणालाही लगेच समजेल. नळी उभी चिरायची, सपाट पट्टी करायची, दुमडून गोल पिशवी शिवायची. आता लाटा एका दिशेनं धावत नाहीत, एकमेकींना छेदतात. तेवढ्याच कापडात मावतंही जास्त आणि दाब उतरतो. स्वीडनचे नील्स कॉक, मग जर्मनीतल्या ऊल्मचे हाउटमान आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे स्टूडर यांनी ही शिलाई पक्की केली.

असं नवं मूत्राशय भरलं, तरी पूर्वीसारखी कळ येत नाही. घड्याळ बघून जायचं, रात्री गजर लावून उठायचं, पोटाला जोर देऊन रिकामं करायचं. साठीतला माणूस हे सगळं नव्यानं शिकतो. त्या शिकण्याला मी शस्त्रक्रियेइतकंच मोठं मानतो.

आणि एका मोजणीलाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयानं मूत्राशय काढलेल्या आपल्या 1,142 रुग्णांच्या नोंदी पहिल्या 90 दिवसांपर्यंत तपासल्या आणि 2009 मध्ये निकाल छापला : 64 टक्के रुग्णांना किमान एक गुंतागुंत. आतडी मंदावणं, जंतुसंसर्ग, जखम न भरणं, सगळं धरून. एवढ्या नामांकित रुग्णालयानं स्वतःबद्दल हा आकडा छापावा, याला धैर्य लागतं. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला खरं सांगायला आधी खरं मोजावं लागतं.

काही गुंतागुंती 90 दिवसांनंतर येतात, तेही गुपचूप. मूत्रवाहिनी आतड्याला जोडलेली असते तिथं ती आकसते, बहुधा रक्तपुरवठा कमी पडल्यानं. डाव्या बाजूला जास्त, कारण डावी मूत्रवाहिनी मोठ्या आतड्याच्या मागून ओढून उजवीकडं आणावी लागते. आधी किरणोपचार झालेले असतील, तर बारीक रक्तवाहिन्या अगोदरच सुकलेल्या असतात. मूत्रपिंड फुगतं, पण दुखेलच असं नाही. म्हणून पोट शांत असतानाही सोनोग्राफी चुकवायची नसते.

(दृश्य : लॉस एंजेलिस. शस्त्रक्रियागृहाचे दिवे.)

4 मे 2025. भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक इंदरबीर गिल आणि त्यांचे सहकारी नीमा नासिरी यांनी जगात पहिल्यांदाच माणसाच्या मूत्राशयाचं प्रत्यारोपण केलं. रुग्णाचं बहुतेक मूत्राशय गाठीसोबत गेलेलं, दोन्ही मूत्रपिंडंही काढलेली, सात वर्षं डायलिसिस. त्याला दात्याचं मूत्रपिंडही बसवायचं होतं आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागणारच होती, म्हणून हा प्रयोग त्याच्यावर करता आला. सरसकट कुणालाही हे देता येणार नाही.

आधी दात्याचं मूत्रपिंड बसवलं, मग मूत्राशय, मग दोन्ही जोडली. सुमारे आठ तास लागले. नव्या मूत्रपिंडानं लगेच भरपूर लघवी तयार केली, आणि ती खाली नव्या मूत्राशयात उतरली.