यांगॉनमध्ये किती वाजता जेवावं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'यांगॉनमध्ये कुठे जेवावं'. तो मीच दिला होता. 'किती वाजता जेवावं' असा दिला असता तर बाई आहारशास्त्रावर बोलणार असं वाटून निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. पण मला बोलायचंय ते वेळेबद्दलच. त्या शहरात हॉटेलांची नावं टिपून नेण्यात फारसा अर्थ नाही. घड्याळ बघायचं. सकाळी सहाला जिथे गर्दी असते तिथे दुपारी कुत्रं नसतं, आणि दुपारी ज्या दुकानात अप्रतिम जेवण मिळतं तिथे रात्री आठला गेलात तर पातेल्याच्या तळाशी दोन गार तुकडे मिळतात.

आधी एक खुलासा. यांगॉन म्हणजे आपलं रंगून, ब्रह्मदेशातलं, आताच्या म्यानमारमधलं. टिळक इथे नव्हते! टिळक १९०८ ते १९१४ मंडालेला, तिथून सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला. रंगूनला आहे ती बहादूरशाह जफरची कबर, श्वेडगॉन पॅगोडाजवळ. इंग्रजांची तऱ्हा बघा, आपला बादशहा त्यांच्याकडे आणि त्यांचा थिबा राजा आपल्या रत्नागिरीत. आणि हो, मी सांगतेय ते २०२१च्या आधीचं यांगॉन. त्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली आणि तिकडचं सगळंच अवघड होऊन बसलं.

आता माझी तक्रार ऐका. ती ऐकवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, आमच्या घरातल्यांना हे माहीत आहे.

पहिल्यांदा गेले ती एका यात्रा कंपनीबरोबर. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी निम्मे त्यांच्याबरोबरच जाऊन आला असाल. (हशा) जाहिरातीत काय होतं? 'रोज घरच्यासारखं जेवण'. अहो, घरच्यासारखंच जेवायचं तर घर काय वाईट होतं? सकाळी हॉटेलात टोस्ट आणि कॉर्नफ्लेक्स. मग बस. बसमध्ये चिवडा, लाडू, अंताक्षरी. श्वेडगॉन बघून, बाजार बघून, दुपारी अडीचला एका भल्यामोठ्या हॉलपुढे बस उभी. आत काय? पनीर बटर मसाला, दाल फ्राय, आणि कोपऱ्यात फ्रेंच फ्राइज, कुणाची मुलं अडली तर असावेत म्हणून. मी टूर मॅनेजरला विचारलं, इथली माणसं काय खातात? म्हणाला, "मॅडम, त्यात मासळी असते, तुम्हाला नाही झेपणार." मी मूळची वेंगुर्ल्याची. मला मासळी झेपणार नाही!

वर हा मनुष्य आम्हाला अडीचला जेवायला घालत होता. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे, त्यामुळे आपल्या पोटाला ते दीडच वाटतात, कुणी कुरकुरही करत नाही. शहर मात्र कधीच जेवून मोकळं झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी हॉटेलातून सटकले. आणि कोपऱ्यावरच मोहिंगा.

मोहिंगा हा तिथला नाश्ता. मागूर जातीचा मासा हळद आणि गवती चहा घालून शिजवतात, काटे काढून कुस्करतात, त्यात भाजलेल्या तांदळाचं किंवा डाळीचं पीठ लावून रस्सा दाट करतात, आणि केळीच्या खांबाच्या गाभ्याच्या चकत्या सोडतात. पण मला तुम्हाला त्या बाईचे हात दाखवायचेत. वाडग्यात तांदळाच्या शेवयांची एक गुंडी पडते. त्यावर पळीभर रस्सा. मग ती कात्री उचलते. साधी, घरात असते तशी कात्री. कुरकुरीत भजं हातात धरून कच्‌ कच्‌ कच्‌, तुकडे थेट वाडग्यात. उकडलेलं अंडं, तेही कात्रीनेच. वर कोथिंबीर, मिरचीची भरड, लिंबाची फोड. हे सगळं तुम्ही खिशातून पैसे काढेपर्यंत. बसायला प्लास्टिकची स्टुलं, वीतभर उंचीची. माझ्या गुडघ्यांनी तिथे काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. नऊच्या सुमाराला पातेलं रिकामं होतं, बाई आवरून निघून जाते आणि त्या जागी दुसरंच कुणीतरी दुसरंच काही घेऊन बसतं. सांगा आता, 'कुठे' या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

मोहिंगानंतर चहाचं दुकान. नीट ऐका, कारण इथेच आपली माणसं फसतात. तुम्ही बसता, काही मागवायच्या आत पोऱ्या टेबलावर बशा आणून ठेवतो. समोसे, तळलेल्या पिठाच्या लांबट काठ्या (त्यांना ई-चा-क्वे म्हणतात), केक. आपल्यातले अर्धे म्हणतात, हे फुकट दिसतंय. उरलेले म्हणतात, हे गळ्यात मारतायत. दोन्ही चूक. जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे. बाकीची बशी पुढच्या टेबलावर जाते. टेबलावरचा थर्मास मात्र खरंच फुकट, त्यात बिनदुधाचा फिका चहा असतो. दुधाचा चहा वेगळा मागवायचा. तो कडक असतो आणि त्यात डब्यातलं घट्ट गोड दूध पडतं. किती गोड, किती कडक, ते आधी सांगावं लागतं. आणि पोऱ्याला बोलवायचं कसं? ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज काढून. (हशा) हसू नका, भर दुकानात सगळे गंभीर चेहऱ्याने काढतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना ही पद्धत इतकी आवडली की काकूंनी त्यांना तीन दिवस चहाच्या दुकानाजवळ फिरकू दिलं नाही.

ते पोरगे मात्र दहा-बारा वर्षांचे असतात, खेड्यातून आलेले. ते बघून चहा गोड लागत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

या दुकानात समोसा, पराठा, डोसा का मिळतो, तर १९३०च्या दशकात रंगूनमधली निम्म्याहून जास्त वस्ती हिंदुस्थानी होती. बंदरावरचा हमाल आपला, कारकून आपला, सावकारही आपलाच, आणि त्याबद्दल आपण अभिमान बाळगावा असं काही नाही. मग जपानी बॉम्ब पडले, १९४२मध्ये लाखो लोक पायी आसाम-मणिपूरकडे निघाले, वाटेत हजारो मेले. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना १९६२नंतर लष्करशहा ने विनच्या राजवटीने दुकानं सरकारजमा करून घालवलं. माणसं गेली, समोसा राहिला. त्याचंही त्यांनी आपल्या मनासारखं केलं. पुन्हा तीच कात्री, समोशाचे तुकडे, कोबी, कांदा, पुदिना, वर पातळ डाळ.

काय? दहा मिनिटं? अहो, मी अजून सकाळीच आहे! बरं, पळते.

दुपार. अकरा ते साडेबारा, त्यानंतर नको. भाताची दुकानं. काउंटरवर पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचं. कालवणावर तेलाचा जाड तवंग दिसेल, घाबरू नका. सकाळी एकदाच रांधतात, तवंगाखाली ते टिकतं; तेल बाजूला सारून खालचं घ्यायचं. पैसे एका कालवणाचे. बरोबर येतं ते मोजत बसू नका. अंबाडीच्या पाल्याचं आंबट सूप, ताटभर कच्च्या-उकडलेल्या भाज्या, त्या बुडवायला ङापी. हो, ङ. शाळेत तो उगाच शिकवला नव्हता. आंबवलेल्या माशाची किंवा कोळंबीची चटणी ती, वास आधी येतो, वाटी मागून. भात मागाल तितका. शेवटी ताडगुळाचे खडे. नाव हवंच असेल तर श्वेडगॉनपासून जवळ, बहान भागातलं आँग थुखा. बिर्याणीसाठी अनोरथा रस्ता, तीही दुपारीच.

शान नूडल्स. सिटी हॉलच्या मागे ३४व्या गल्लीत '९९९' नावाचं चिमुकलं दुकान आहे, रात्रीच्या भरवशावर राहू नका. शान म्हणजे तिकडच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातले लोक. त्यांचं टोफू सोयाचं नसतं, चण्याच्या पिठाचं असतं. गरम, सैल, पिवळं, शेवयांवर ओततात. चव घेतलीत की म्हणाल, हे तर आपलं पिठलं, फक्त फोडणी राहिलीय.

चारच्या सुमाराला लाहपेत. आंबवलेली चहाची पानं, तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, लसूण, कोबी, टोमॅटो. त्यात सुका जवळाही असतो. नको असेल तर आधी सांगा. रात्री नऊला खाऊ नका, ती चहाचीच पानं आहेत, पहाटेपर्यंत छताकडे बघत पडाल. मी पडलेय.

अंधार पडला की चायनाटाउनमधली १९वी गल्ली. दोन्ही बाजूंना निखारे. काड्यांना टोचलेलं सगळं मांडलेलं असतं, भेंडी, मशरूम, लावीची अंडी, अख्खा मासा. परडीत निवडून द्यायचं, ते भाजून आणून देतात, शेजारी थंड बियर. हो वहिनी, शाकाहारींचीही सोय होते. 'थेत-थत-लुत' म्हणा, म्हणजे जीव न मारलेलं. त्यांच्या वर्षावासात, म्हणजे बौद्धांच्या चातुर्मासात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, तिकडचेही बरेच जण मांसाहार सोडतात, त्यामुळे कुणी चमकून बघत नाही. फक्त सूप कशाचं आहे ते वेगळं विचारा, कारण जेवण शाकाहारी मागितलं तरी सूपचा विचार त्यात धरत नाहीत.

रात्रीच्या बाजाराचं राहिलं, शहराभोवती तीन तास फिरणाऱ्या लोकलमध्ये बायका डोक्यावर पाट्या घेऊन काय काय विकतात तेही राहिलं. अध्यक्ष उभेच राहिलेत. ज्यांना ऐकायचंय त्यांनी बाहेर भेटा, मी जिन्यापाशी आहे.