चॉकलेटचं वेष्टन टाकू नका

श्रोतेहो, नमस्कार. कुत्र्यानं चॉकलेट फस्त केलं की घरातले आधी त्याच्यावर ओरडतात आणि फाटलेलं वेष्टन कचऱ्यात टाकतात. पशुवैद्यांना नेमकं तेच वेष्टन हवं असतं.

चॉकलेटमधल्या कोकोमध्ये थिओब्रोमिन असतं, म्हणजे कुत्र्यासाठी विषच, जोडीला थोडं कॅफीन. कुत्र्याच्या रक्तातलं थिओब्रोमिन नुसतं निम्म्यावर यायलाच साधारण १७ तास लागतात. आपलं तसं नसतं, म्हणून आपल्याला चॉकलेट पचतं.

एका ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन सुमारे २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५, बेकिंगच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये १४ ते १६ आणि कोको पावडरमध्ये तब्बल २६. पांढऱ्यात जवळजवळ नसतंच, पण त्यातल्या चरबीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटात गेलं की उलट्या, तहान, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ लागतात. म्हणजे उलट्या सुरू व्हायला १० किलोच्या कुत्र्याला मिल्क चॉकलेट १०० ग्रॅम लागेल, कोको पावडर मात्र ८ ग्रॅमच पुरे!

लक्षणं दिसायला दोन-चार तास लागतात, कधी बाराही. तेव्हा ‘शेपटी हलवतोय की छान’ म्हणून थांबू नका. लगेच पशुवैद्यांना फोन करा आणि कुत्र्याचं वजन, चॉकलेटचा प्रकार, किती ग्रॅम आणि केव्हा खाल्लं, ते सांगा. अंदाज करताना जास्तीचाच धरा. वेष्टनावर झायलिटॉल लिहिलंय का, तेही वाचून दाखवा. शुगर-फ्री चॉकलेटमधल्या या गोडव्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. रक्तात सोडियम वाढलं तर मेंदूला इजा होते, आणि अंगाला कंप सुटलेला असेल तर उलटी फुफ्फुसात जाण्याची भीती. ते काम दवाखान्यात इंजेक्शननं होतं. चॉकलेट पोटात वितळून त्याचा चिकट गोळा होतो, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी उलटीचा उपयोग होऊ शकतो. विषावर उतारा असा नाही. पोटातलं विष शोषून घ्यायला औषधी कोळसा देतात, सलाईन लावतात, झटके आवरतात.

आणखी एक. हे विष लघवीवाटे बाहेर पडतं खरं, पण मूत्राशयात साचून राहिलं तर तिथून पुन्हा रक्तात शिरतं. म्हणून घरी आणल्यावरही त्याला दर दोन-तीन तासांनी लघवीला न्या, रात्रीसुद्धा.