बॉनेटखालचं ओलं फडकं

मंडळी, नमस्कार.

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'जुन्या मोटारींचं वैभव' असा छापलाय. वैभव हा शब्द संयोजकांचा. मी तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. रिटायर झाल्यावरही वर्षभर माझ्या नखांतलं ग्रीस निघत नव्हतं. अशा माणसाने वैभवावर काय बोलायचं? तेव्हा मी एका रविवारबद्दल बोलतो. मुंबईत फोर्टात, हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि मी माझ्या नातीला घेऊन गेलो होतो.

जाहिरातीत वेळ दहाची होती. मी तिला साडेसहाला तिथे उभं केलं. बिचारी चिडली होती, आणि रविवारी पहाटेच्या लोकलने आजोबांबरोबर फोर्टात जायचं म्हटल्यावर कुणीही चिडेल. पण सांगतो, जुन्या गाड्या बघायच्या तर त्या येताना बघाव्यात. दहा वाजता त्या नवरीसारख्या ओळीने उभ्या असतात, बॉनेटं बंद, मालक शेजारी, फोटो चालू. सकाळी साडेसहाला त्यांचं खरं रूप दिसतं. एखादी ट्रेलरवरून उतरते, एखादी स्वतःच्या चाकांवर फटफट करत येते, आणि एखादी चौघांच्या धक्क्यावर. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर आम्ही चहा घेऊन बसलो आणि मी नातीला म्हटलं, "डोळे मीट. फक्त ऐक."

पहिली आली शेवरोले, १९२९ची. त्या वर्षी शेवरोलेने सहा सिलिंडरचं इंजिन आणलं होतं, त्याचा आवाज चार सिलिंडरवाल्यापेक्षा मऊ. ही गाडी बघून ठाण्याच्या माणसाला काय वाटावं? तर शेजारीण भेटल्यासारखं. कारण जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढून तिथे गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि शिवडीचे कामगार त्यांची गाडी करायचे. १९५४ साली तो कारखाना बंद झाला. ज्यांना सगळे भाग इथेच बनवायचे नव्हते, नुसती जुळणी करायची होती, त्यांना तेव्हाच्या सरकारी धोरणात जागा उरली नाही. नातीला शिवडी म्हणजे फ्लेमिंगो एवढंच माहीत.

मग आली फोर्ड मॉडेल टी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे. या गाडीवरचं भाषण मी वर्गात दरवर्षी करायचो, ते अजून पोटात शिल्लक आहे.

१९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी दीड कोटी निघाल्या. पण आजचा ड्रायव्हर तिच्यात बसवा, त्याला ती जागची हलवता येणार नाही. खाली तीन पेडल. डावं दाबलं की लो गिअर, सोडलं की हाय. मधलं रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर पायात नाहीच, तो स्टिअरिंगखाली उजव्या हाताची छोटी दांडी. डावीकडे तशीच दुसरी दांडी, ती ठिणगी कधी पडावी हे ठरवते. पेट्रोलला पंप नाही, टाकीतून ते उतारानेच कार्बोरेटरकडे येतं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं आणि घाट खडा असला, की लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे.

आणि ती सुरू करायला हँडल मारणं! त्या मालकांनी, साठीचे गृहस्थ होते, आधी डावी दांडी वर ढकलली. म्हणजे ठिणगी उशिरा पडणार. मग रेडिएटरजवळची चोकची तार ओढली, हँडल खाली नेलं आणि खालून वर एकच झटका. मी नातीला त्यांचा अंगठा बघायला सांगितला. आपण काठी धरताना अंगठा पलीकडून घेतो ना, तसा त्यांनी घेतला नव्हता. अंगठा चार बोटांच्याच बाजूला. का? दांडी वर करायला विसरलात, तर ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटी लाथ मारतं आणि हँडल मागे फिरतं. अंगठा पलीकडे असला तर गेला. मनगटं मोडायची लोकांची. या हँडलापायी माणसं दगावलीसुद्धा. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हे संकट हळूहळू टळलं. बायका मोठ्या संख्येने गाडी चालवायला लागल्या त्यात या स्टार्टरचा हात आहे. त्याचं श्रेय मात्र कुणी स्टार्टरला देत नाही.

तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. अख्खी गाडी थरथरत होती, मडगार्ड वेगळे, दिवे वेगळे. नात म्हणाली, "आबा, हिला थंडी वाजतेय." मला आयुष्यात इतकं नेमकं वर्णन सुचलं नाही.

दहानंतर गर्दी झाली. मोठ्या गाड्यांभोवती तर विचारूच नका. रोल्स-रॉइसच्या नाकावरची ती पंख पसरलेली बाई, चार्ल्स साइक्सने १९११ साली घडवलेली, तिच्याबरोबर सेल्फी काढायला रांग. कुणी नऊवारी नेसून आलेलं, कुणी संस्थानिकांचा फेटा बांधून. मला ते सगळं गोड वाटतं, पण त्या गाड्यांबद्दल मी फार सांगणार नाही. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिलंय. एक आठवण ठेवा म्हणजे झालं. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे, म्हणजे सरकारकडून मिळणारे पैसे, गेले, त्यानंतर कितीतरी राजवाड्यांतल्या गाड्या कवडीमोलाने बाहेर पडल्या. आज कायदा असा आहे की १ जानेवारी १९५० पूर्वीची गाडी सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, तिचे सुटे भागसुद्धा नाही. उरलंय ते बहुतेक इथेच राहणार.

आता एक भांडण. मेळाव्यात दोन प्रकारचे लोक भेटतात. एक चकाकीवाले, एक मूळवाले. चकाकीवाल्याची गाडी अशी की तिच्या दारात बघून दाढी करावी. मी तिथे १९२६ची एक टूरर, म्हणजे उघड्या टपाची गाडी, बघितली, रंग देखणा, शिवण सुरेख, आणि रेडिएटर झगझगीत निळसर क्रोमचा. मी जीभ चावली. गाड्यांवर क्रोम सर्रास आलं ते त्या दशकाच्या शेवटी. त्याआधी निकेल. निकेलची चमक पिवळसर, जुन्या चांदीच्या ताटासारखी, आणि ते सारखं घासावं लागतं. क्रोम घासावं लागत नाही, म्हणून लोकांनी ते उचललं. आता १९२६च्या गाडीला क्रोम म्हणजे पैठणीवर स्पोर्ट्स शूज. पण मालकांनी इतक्या हौसेने विचारलं, "कशी वाटली?" की मी म्हटलं, "रंग फार छान." खोटं बोललो नाही.

शेजारीच एक ऑस्टिन सेव्हन होती. हिचं इंजिन ७४७ सीसीचं, म्हणजे आपल्या जुन्या मारुती आठशेपेक्षाही लहान. हिचा रंग उडालेला, सीटच्या चामड्याला भेगा, आत जुन्या घोंगडीचा वास. हिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी दार उघडायची परवानगी मागितली आणि ते बोटाने ढकललं. 'टक' करून लागलं. सांगाड्यातलं लाकूड सडलं की दार खाली बसतं, मग आपटावं लागतं. हे अजून शाबूत. मला बक्षीस द्यायला सांगितलं असतं तर मी हिला दिलं असतं. परीक्षकांनी दिलं नाही.

सरकारनेही २०२१ साली या भांडणात पाय टाकला, आणि माझ्या मते बरोबर बाजूला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षांची. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढायची नाही. मूळ स्वरूप! त्या दोन शब्दांवर मी खूश आहे. अर्थात कुठलं मूळ, हे ठरवताना आरटीओतला माणूस निकेल आणि क्रोममध्ये फरक करेल अशी माझी अपेक्षा नाही.

मला त्या मेळाव्यात एक गाडी हवी होती, ती नव्हती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची 'मीरा'. शिक्षण बेताचं, कारखाना पाठीशी नाही, आणि या माणसाने १९४९ साली स्वतः छोटी मोटार बनवून रस्त्यावर आणली. पुढची काही दशकं ते ती सुधारत राहिले. कारखान्यातून मात्र ती कधी निघाली नाही. लाखाच्या गाडीचा गाजावाजा आपण बघितला तेव्हा इचलकरंजी कुणाला आठवली? असो. हा विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो.

आता खरी गोष्ट. दुपारी बाराच्या सुमाराला, ओळीच्या पार टोकाला, एका झाडाखाली मला डुक्कर फियाट दिसली.

हसलात ना? ज्यांचे केस पांढरे आहेत तेच हसले. बाकीच्यांसाठी सांगतो, शिवी नाही ही. फियाट अकराशेचं पन्नासच्या दशकातलं मॉडेल, १०८९ सीसी, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेलं. पाठ गोलमटोल, नाक फुगीर, म्हणून मुंबईने तिचं बारसं केलं ते डुक्कर. पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मधल्या खांबाला. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. हिच्याच पुढच्या पिढ्यांतून पद्मिनी आली, काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

आमच्या चाळीसमोर एका डॉक्टरांची डुक्कर होती. माझ्या वडिलांनी मग फियाटसाठी नंबर लावला. तेव्हा गाडीला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर आला त्याच वर्षी आत्याचं लग्न ठरलं. वडिलांनी नंबर दुसऱ्याला दिला, वर चार पैसे मिळाले, त्यात मांडवाचा खर्च निघाला. आमच्या घरी फियाट आली ती एवढीच. मी मोटर मेकॅनिक का झालो असं कुणी विचारलं तर मी दुसरं काहीतरी सांगतो.

तर ती डुक्कर. मालक माझ्याच वयाचे. मी विचारलं, "बॉनेट उघडता?" त्यांनी उघडलं, आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं! मी त्या माणसाचा हातच धरला.

हे फडकं म्हणजे काय ते सांगतो. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटून. उन्हात, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल उकळून त्याचे बुडबुडे होतात. पंप बुडबुडे ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. गाडी भर चौकात गपकन बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात. उपाय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा: जुन्या बनियनचा तुकडा ओला करायचा आणि पंपावर गुंडाळायचा. पाणी वाळताना पंपाची उष्णता घेऊन जातं. माठाचं तत्त्व. मी वर्गात मुलांना हे उष्णतेच्या धड्यात शिकवायचो आणि इन्स्पेक्शनला आलेले साहेब डोळे वटारायचे.

हल्ली त्या फडक्याला काम वाढलंय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. त्याने बुडबुडे लवकर धरतात आणि जुने रबरी पाइप, पंपातला पडदा, सगळं फुगून मऊ होतं. त्या गृहस्थांनी पंपाचे तीन पडदे डबीत बाळगले होते, चोर बाजारातून शोधून आणलेले. शिवाय पाण्याची बाटली. "प्यायची वेगळी, हिची वेगळी," म्हणाले.

संध्याकाळी चारला गाड्या परतायला लागल्या. पॉलिश केलेल्या ट्रेलरवर चढल्या. डुक्कर निघाली, आणि फ्लोरा फाउंटनच्या सिग्नलला गप्प. मागून हॉर्न. मी आणि नात धावलो. मालकांनी बाटली काढली, मी फडकं भिजवलं, पंपावरून 'चर्र' आवाज आला. पाच मिनिटं थांबावंच लागतं, घाई केली तर बॅटरी उतरते. तेवढ्यात नातीने हात दाखवून मागची बेस्ट थांबवली आणि ड्रायव्हरला बाजूने काढून दिलं. पोरगी सकाळी डोळे चोळत होती. मग चावी, एकदा, दोनदा, लागली. मालक म्हणाले, "चला, दादरपर्यंत सोडतो. चालवताय का?" आयुष्यात पहिल्यांदा मी डुक्कर फियाट चालवली. दुसरा गिअर मला दोनदा सापडला नाही. नात मागे बसून मोजत होती.

ते गृहस्थ आज इथे आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना उभं राहायला सांगणार नाही कारण ते लाजतात. गाडी खाली ग्रंथालयाच्या आवारात, नारळाखाली उभी आहे. प्रश्न असतील तर तिथेच विचारा, इथे माइकवर मला नीट सांगता येत नाही. बॉनेट उघडं ठेवलंय. पंपावर फडकं आहे, मळकं दिसलं तरी कुणी काढू नका.