आततायी: धनुष्यातून आलेला शब्द

(दृश्य: गोवा, रायबंदरचा धक्का, सकाळ)

चोडणहून सुटलेली फेरीबोट धक्क्याला लागायला अजून आठ-दहा हात बाकी आहेत. मधे मांडवीचं पाणी. तरी दुचाकीवाल्यांनी गाड्या चालू केल्यात. सगळ्यांत पुढचा मुलगा एक पाय टेकवून मूठ पिळतोय. नजर समोरच्या लोखंडी फळीवर, ती कधी खाली येते म्हणून. मागून एक काका ओरडतात, "सवकास रे बाबा! एवढा आततायीपणा कशाला?"

घाई करणाऱ्याला मराठीत नावं पुष्कळ. पण काकांनी काढला तो शब्द साधा नाही.

संस्कृतात 'आतत' म्हणजे ताणलेला. आततायी म्हणजे धनुष्य ताणून अंगावर आलेला. वसिष्ठस्मृतीत असे सहा जण मोजलेत: आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेतलेला, धन लुटणारा, जमीन बळकावणारा आणि परस्त्रीला पळवणारा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, आणि तरी यांना मारलं तर पाप आपल्यालाच लागेल म्हणून खचतो. मनुस्मृती मात्र सांगते, आततायी चालून आला तर विचार न करता त्याला मारावं.

हिंदीत आजही आततायी म्हटलं की जुलमी, खुनी माणूसच डोळ्यांपुढे येतो. मराठीत धनुष्य गळून पडलं, ताण तेवढा राहिला. रागाच्या भरात राजीनामा फेकणारा आपल्याकडे आततायी. पण वर्तमानपत्रात 'आततायी पाऊल' असं वाचलं की काळजात चर्र होतं. तिथे शब्दाला जुनी धार परत येते.

उतावळ्याचं तसं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बाशिंग बांधायचं कपाळाला, पण याला तिथवर हात न्यायलाही वेळ नाही. त्याला लोक हसतात, भीत नाहीत. धांदरट तर फक्त किल्ल्या विसरतो.

(दृश्य: म्हापशाचा बाजार, चवथीची आदली संध्याकाळ)

आणि ही लगबग. सुपारीचे घोस, नारळांचे घड, चिबूड. गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायची आहे, पिशव्या बोटांत रुतताहेत. या बायकांना कोणी आततायी म्हणून तर बघावं. इथल्या घाईत माया आहे, आणि भाषेला ती कळते.

(दृश्य: पुन्हा धक्का)

मी आठ वर्षांचा असताना याच धक्क्यावर, बोट लागायच्या आत उडी मारली. पाय निसटला. बाबांनी कॉलर धरून वर ओढलं. एक चप्पल पाण्यात गेली. बाबांनी मारलं नाही. त्यांचा हात थरथरत होता. एवढंच म्हणाले, "आततायी कुठला!" उतावळा म्हणाले असते तर मी विसरून गेलो असतो.

काका म्हणाले ते सवकास, म्हणजे आपलं सावकाश. त्यात अवकाश आहे, स-अवकाश. अवकाश म्हणजे मोकळी जागा.

फळी अजून वरच आहे. बोट आणि धक्का यांच्यामध्ये आता हातभर पाणी उरलंय. मुलाने मूठ सैल सोडलीय.