चवीचं तिकीटवाटप

(दृश्य: दुकानातला फ्रिज. काचेमागे ओळीने बाटल्या. एक गडद निळी, एक जांभळट, एक फिकट निळी. एक हात दार उघडतो आणि कुठली उचलावी या विचारात थबकतो.)

2008 चा उन्हाळा. अमेरिकेत टीव्ही लावावा तर ओबामा आणि मॅकेन. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात, पेट्रोल पंपावरच्या फ्रिजमध्ये आणखी तीन उमेदवार थंडगार उभे. पहिला व्होल्टेज, रासबेरी आणि लिंबू-संत्र्याच्या अंगाची चव. दुसरा सुपरनोव्हा, स्ट्रॉबेरी आणि खरबूज. तिसरा रिव्होल्यूशन, बेरीची चव. तिघांतही जिनसेंग या औषधी मुळाचा अर्क. प्या, आणि आवडेल त्याला इंटरनेटवर मत द्या. जिंकेल तो माउंटन ड्यूच्या कुटुंबात कायमचा, उरलेल्या दोघांनी आपापली झाकणं बंद करून निघायचं.

कंपनीने या प्रकाराला नाव दिलं होतं ‘ड्यूमॉक्रसी’. लोकांनी, लोकांसाठी, लोकांकडूनच पैसे घेऊन.

कारण मत फुकट असलं तरी उमेदवार चाखून बघायचा तर बाटली विकतच घ्यावी लागत होती. तिघांना न्याय द्यायचा म्हणजे तीन बाटल्या. प्रचाराचा खर्च मतदाराने उचलायचा आणि वर खूश राहायचं, अशी निवडणूक आपल्याकडच्या कुठल्याही पक्षाला हेवा वाटावा अशीच.

उन्हाळा सरता सरता निकाल लागला. व्होल्टेज निवडून आला.

(दृश्य: जुन्या लेबलांची छायाचित्रं. अनवाणी डोंगरी माणूस, हातात बंदूक, शेजारी मडकं.)

आपल्याकडे माउंटन ड्यू म्हटलं की कड्यावरून उडी मारणारा हिरो आणि ‘डर के आगे जीत है’. मूळ कहाणी एवढी शूर नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरात बार्नी आणि ॲली हार्टमन हे दोन भाऊ बाटलीबंद पेयांच्या धंद्यात होते. व्हिस्कीत मिसळायला त्यांना हवा तसा लिंबाचा सोडा तिकडे मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच बनवला. त्या डोंगरी मुलखात चोरून गाळलेल्या दारूला गमतीने जे म्हणत तेच नाव त्याला चिकटलं. लेबलावर तो बंदूकवाला गावठी बुवा आला. 1964 मध्ये पेप्सीने ब्रँड विकत घेतला, पुढे बुवाला निवृत्त केलं आणि त्याच्या जागी स्केटबोर्डवाली, सायकलवरून कोलांट्या मारणारी पोरं आणली.

2001 मध्ये कोड रेड नावाचा लाल, चेरीच्या चवीचा ड्यू आला आणि तुफान चालला. एकाच नावाखाली रंग बदलत गेलं तर तरुण गिऱ्हाईक प्रत्येक रंगाची बाटली घेतं, हे तिथे कंपनीला उमगलं.

इथे या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी पेप्सीसारखी कंपनी पेयांच्या धंद्यात मुख्यतः अर्क बनवायची. पाणी, साखर किंवा मक्याची साखरपाकासारखी काकवी, वायू, बाटली, ट्रक हा सगळा व्याप बहुतेक करून बॉटलरचा, म्हणजे पेय बाटल्यांत भरून दुकानांत पोचवणाऱ्याचा असे. पाया तोच ठेवून वरची फळाची चव आणि रंग बदलला की नवं पेय तयार. म्हणजे चव बनवणं हा त्यातला सोपा भाग. अवघड असते ती फ्रिजमधली वीतभर जागा. दुकानदार विचारतो, ‘हे ठेवू, तर काढू काय?’ त्याला आकडा दाखवावा लागतो. ‘इतक्या लोकांनी मत दिलंय, आल्या आल्या विचारत येतील’ हे वाक्य सेल्समनच्या तोंडात घालायला निवडणुकीसारखं साधन नाही.

(दृश्य: कॉम्प्युटरच्या पडद्यावर 2007 च्या धाटणीचा खेळ. अंधारी गुहा, चमकती दारं.)

पहिल्या ड्यूमॉक्रसीची सुरुवात 2007 च्या शेवटी एका ऑनलाइन खेळाने झाली. ऑस्कर मिळवलेला अभिनेता फॉरेस्ट व्हिटकर याने त्यासाठी लघुपट दिग्दर्शित केला होता. खेळत खेळत पुढे जायचं आणि वाटेत चव निवडायची, रंग निवडायचा, लेबल निवडायचं. त्यातून तीन नावं गाळून कंपनीने दुकानात उतरवली.

आता माझं मत सांगतो. मतपेटीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण खरी सत्ता असते तिकीटवाटपाच्या खोलीत. व्होल्टेज की सुपरनोव्हा हे लोकांनी ठरवलं. पण साखर कमी असावी का, कॅफीन किती असावं, रंग कुठला वापरावा, हे प्रश्न मतपत्रिकेवर नव्हतेच. साध्या माउंटन ड्यूच्या अमेरिकन कॅनमध्ये, म्हणजे 355 मिलिलिटरमध्ये, 46 ग्रॅम साखर असते. चहाचे अकरा चमचे. कॅफीन 54 मिलिग्रॅम, कोकच्या कॅनपेक्षा जास्त. ही कलमं कायम. भांडायचं ते रासबेरी की स्ट्रॉबेरी यावर.

एवढं असूनही दुसऱ्या खेपेला कंपनीने हात बराच सैल सोडला, हेही मान्य करायला हवं. 2009 च्या उन्हाळ्यात ड्यूमॉक्रसीचा दुसरा अंक सुरू झाला. सात चवी तयार होत्या. ट्रक गावोगाव फिरून लोकांना त्या पाजत होता. शिवाय 50 कट्टर चाहत्यांच्या घरी पोस्टाने खोकं गेलं, आत सातही चवी आणि एक छोटा व्हिडिओ कॅमेरा. प्या, आणि काय वाटतं ते कॅमेऱ्यासमोर बोला.

(दृश्य: पुनर्रचना. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सात बाटल्या. एक तरुण घोट घेतो, डोळे मिटतो, कॅमेऱ्याकडे जीभ काढून दाखवतो. जीभ निळी.)

सातांतल्या तीन उरल्या. मग कंपनीने त्या तिघींभोवती चाहत्यांचे तट बांधले. एकेका तटाने आपल्या पेयाचा रंग ठरवायचा, नाव ठरवायचं, लेबल ठरवायचं. जाहिरात कोण करणार तेसुद्धा त्यांनीच ठरवायचं. त्यासाठी जाहिरात संस्थांकडून आणि हौशी मंडळींकडून 12 सेकंदांचे व्हिडिओ मागवले गेले. मोठमोठ्या संस्थांनी 12 सेकंदांत आपली लायकी सिद्ध करायची, आणि परीक्षक कोण, तर कॉलेजातली पोरं. हा भाग मला मनापासून आवडतो.

तीन नावं ठरली. डिस्टॉर्शन, लिंबाचं. टायफून, उष्णकटिबंधी फळांचं. आणि व्हाइट आउट, पांढुरकं, सौम्य लिंबूवर्गीय चवीचं. 2010 च्या एप्रिल ते जूनमध्ये दुकानात लढत झाली आणि व्हाइट आउट जिंकलं. तोवर तो विकत घेणाऱ्यांतल्या काहींना तो कंपनीचा वाटतच नव्हता, आपला वाटत होता. आपण बारसं केलेल्या पोराला कोण नावं ठेवतं? फुकटात मिळालेले प्रचारक पैसे देऊन आणलेल्यांपेक्षा जास्त ओरडतात.

(दृश्य: 1985 च्या बातम्यांचं चित्रीकरण. लाल कॅन, निषेधाचे फलक.)

लोकांना विचारून चव ठरवण्याची कल्पना मात्र नवी नव्हती, आणि तिचा सगळ्यात मोठा फज्जा प्रतिस्पर्ध्याच्या घरात उडाला होता. कोका-कोलाने सुमारे 2 लाख लोकांना नवी, जास्त गोड चव पाजून बघितली. बहुतेकांना ती जुन्यापेक्षा आवडली. 23 एप्रिल 1985 ला न्यू कोक बाजारात आलं आणि जुनं बंद. अमेरिका पेटली. लोकांनी जुन्या कोकची खोकी घरात भरून ठेवली, कंपनीचे फोन खणखणत राहिले. 79 दिवसांत, 11 जुलैला, जुनं कोक परत आणायचं जाहीर करावं लागलं.

चाचणी खोटी नव्हती. पण एका घोटाला गोड पुढे जातं, आणि माणूस घरी अख्खा कॅन पितो. त्याहून मोठी चूक म्हणजे ‘ही आवडली का?’ एवढंच विचारलं. ‘ही आणली तर ती कायमची जाईल, चालेल का?’ हे कुणी ठासून विचारलंच नाही. माउंटन ड्यूने तो धडा घेतला असं मला वाटतं. त्यांच्या मतदानात मूळ हिरवी बाटली कधीच पणाला लागली नाही.

(दृश्य: ऑगस्ट 2012. पडद्यावर नावांची यादी, भराभर वरखाली होणारी. अक्षरं धूसर केलेली.)

आणि मग एकदा तिकीटवाटपाच्या खोलीचं दार उघडं राहिलं.

व्हिला फ्रेश इटालियन किचन ही पिझ्झा विकणाऱ्या दुकानांची साखळी, माउंटन ड्यूची गिऱ्हाईक. हिरव्या सफरचंदाच्या चवीचा एक ड्यू ते आपल्या दुकानांत विकणार होते. त्यांनी 2012 मध्ये लोकांना सांगितलं, नाव तुम्ही सुचवा आणि मतही तुम्हीच द्या. इथे तीन उमेदवार आधी गाळलेले नव्हते. कुणीही यावं, काहीही लिहावं.

फोरचॅन या निनावी लिहिता येणाऱ्या इंटरनेटवरच्या चव्हाट्यावरच्या टवाळखोरांना याचा वास लागला. बघता बघता यादीत पहिल्या क्रमांकावर नाव आलं, ‘हिटलरचं काहीच चुकलं नव्हतं’. यादीत मधुमेहावरची टिंगलही होती, आणि बाकीची काही नावं या निवेदनात घेता येणार नाहीत. बोगस मतदान म्हणावं तर तसंही नाही, ज्यांना बोलावलं तेच आले होते. साइट बंद करावी लागली. माउंटन ड्यूने ट्विटरवर हार मान्य केली, आम्ही इंटरनेटपुढे हरलो अशा शब्दांत. मोहीम आमची नव्हती, गिऱ्हाइकाची होती, हा खुलासाही झाला, पण बाटलीवर नाव कुणाचं असतं ते सगळ्यांना ठाऊक.

आता याच वर्षातली दुसरी गोष्ट. ती मात्र कुणी बोलावलेली नव्हती.

(दृश्य: अगदी जवळून. काचेच्या ग्लासातलं पाणी, त्यावर संत्र्याच्या सालीचं तेल पिळलेलं. तेलाचे थेंब कडेला गोळा होतात.)

संत्र्याची साल पाण्यावर पिळून बघा. वास छान येतो, पण तेल वर तरंगतं आणि कडेने रिंगण धरतं. लिंबूवर्गीय सोड्यात हीच अडचण असते, चवीचं तेल बाटलीच्या गळ्याशी जमतं. त्यावर उपाय म्हणून वनस्पती तेलाला ब्रोमीन जोडून जड करत आणि ते चवीच्या तेलात मिसळत. मग थेंब वर येत नाहीत, पेयात पसरून राहतात, आणि पेय जरा गढूळ, फळाच्या रसासारखं दिसतं. याचं लघुनाव बीव्हीओ. अमेरिकेत माउंटन ड्यूमध्ये ते असे. भारतात 1990 पासून त्यावर बंदी आहे.

2012 च्या अखेरीस मिसिसिपी राज्यातल्या 15 वर्षांच्या एका मुलीने पेप्सीच्याच गेटोरेड या पेयाच्या लेबलावर हे नाव वाचलं, हे काय असतं ते शोधलं आणि इंटरनेटवर अर्ज टाकला की काढा हे. 2 लाखांहून जास्त सह्या झाल्या. जानेवारी 2013 मध्ये कंपनीने गेटोरेडमधून ते काढत असल्याचं सांगितलं. 2014 मध्ये पेप्सी आणि कोक दोघांनीही बाकीच्या पेयांतूनही काढायचं कबूल केलं, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगीच मागे घेतली.

ना खेळ, ना लघुपट, ना ट्रक. मतपत्रिकेवर नसलेला प्रश्न एका शाळकरी मुलीने स्वतःच्या हाताने लिहिला. व्होल्टेजच्या निवडीपेक्षा ही निवड मला कितीतरी मोठी वाटते, पण तिच्या नावाने कुठली बाटली निघाली नाही.

(दृश्य: दोन बाटल्या समोरासमोर. एक समुद्रासारखी निळसर हिरवी, दुसरी काळी-जांभळी.)

शेवटची लढत 2016 ची. पुन्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष, योगायोग म्हणायचा तर म्हणा. या वेळी उमेदवार नवखे नव्हते. एक बाजा ब्लास्ट, 2004 पासून टॅको बेलच्या उपाहारगृहांत मिळणारा, लिंबाच्या चवीचा. दुसरा पिच ब्लॅक, त्याच वर्षी हॅलोवीनसाठी आलेला, द्राक्षाचा. दोघांचेही भक्त वर्षानुवर्षं जुने, त्यामुळे हमरीतुमरी जोरात झाली. पिच ब्लॅक जिंकला.

तोवर पडलेल्यांचंही काही वाईट चाललं नव्हतं. सुपरनोव्हा आणि टायफून 2011 मध्ये थोड्या दिवसांसाठी परत येऊन गेले होते. पडलेल्याला विधान परिषदेवर घ्यायची पद्धत तिकडेही आहे म्हणायची.

जिंकलेला पिच ब्लॅक काही वर्षांतच दुकानांतून नाहीसा झाला. 2023 मध्ये पुन्हा दिसला, तोही ठरावीक मुदतीपुरता. हरलेला बाजा ब्लास्ट आधी उन्हाळ्यापुरता परतला, खपत गेला, आणि 2024 मध्ये, आपल्या विसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या दुकानांत वर्षभर मिळू लागला. त्यासाठी कुणाचंही मत मागितलं नव्हतं.