कानाचा अध्याय, कुंभाराचा हात

मंडळी, सोनारानेच कान टोचावेत असं आपण म्हणतो. ज्याचा अधिकार त्याने बोलावं, या अर्थाने म्हणतो. आज मला मात्र या म्हणीचा शब्दशः अर्थच हवा आहे. कान टोचायचे ते सोनाराने, वैद्याने नाही. सुश्रुतसंहिता, म्हणजे आयुर्वेदातला शस्त्रक्रियेचा जुना ग्रंथ, वाचताना मी इथेच अडखळलो, कारण त्या ग्रंथात कान टोचतो तो भिषक्, म्हणजे वैद्यच. मग सुई वैद्याच्या हातातून सोनाराच्या हातात गेली कशी?

सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय काढा. त्याचं नाव 'कर्णव्यधबन्धविधि'. सुरुवातीलाच म्हटलंय, 'रक्षाभूषणनिमित्तं बालस्य कर्णौ विध्येते.' बाळाचे कान टोचतात ते रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी. रक्षण आधी, दागिना नंतर. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्ल पक्षात, चांगला दिवस पाहून, स्वस्तिवाचन करून बाळाला दाईच्या मांडीवर बसवायचं आणि खेळण्यांनी रमवायचं. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. इथवर हा संस्कार आहे. पुढच्याच वाक्यात शरीररचना सुरू होते. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढून धरायची आणि ज्या जागी सूर्याचा किरण आरपार दिसतो तिथेच सुई सरळ घालायची. त्या जागेला ग्रंथ 'दैवकृत छिद्र' म्हणतो. जागा चुकली तर रक्त येतं, वेदना होते. कालिका, मर्मरिका, लोहितिका अशी तिथल्या शिरांची नावंही दिली आहेत. मग तेलात भिजवलेली कापसाची वात, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात. मुहूर्त कुठे संपला आणि शस्त्रकर्म कुठे सुरू झालं, हे या परिच्छेदात वेगळं काढता येत नाही. मला वाटतं, ते वेगळं काढूही नये.

आता पुढची ओळ पाहा. असा वाढवत नेलेला कान कधीतरी फाटतो, दोष बिघडल्याने किंवा मार लागल्याने त्याचे दोन भाग होतात; 'सन्धानं तस्य मे शृणु', तो कसा जोडायचा ते ऐक. म्हणजे आधी संस्कार, संस्कारातून भोक, भोकातून फाटलेली पाळी आणि तिच्यातून दुरुस्तीचं शास्त्र. कान जोडण्याच्या पंधरा पद्धती इथे येतात. नेमिसन्धानक, उत्पलभेद्यक, कपाटसन्धिक, अर्धकपाटसन्धिक, काकौष्ठक. नावं कारागिराच्या तोंडची वाटतात. दाराची झडप मिटावी तसा सांधा, म्हणून कपाट. पाळीचा कुठला तुकडा लांब, कुठला आखूड, कुठला जाड, ते बघून पद्धत ठरते. अशी बारकाई एकाच्या बुद्धीतून एका दिवसात येत नाही. फाटलेले कान पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेलेले असावे लागतात, आणि ते पुरवले कोणी? घराघरातल्या कान टोचण्याच्या रिवाजाने.

आणि एक अवघड प्रसंग. पाळी उरलेलीच नाही, मग जोडायचं काय? ग्रंथ सांगतो, गालावरून मांस उचला आणि त्याची पाळी करा. कसलं मांस? 'सानुबन्धेन जीवता.' अनुबंध न तोडलेलं, जिवंत. इथे मी नेहमी थांबतो. कातडीचा तुकडा पूर्ण कापून दुसरीकडे चिकटवला तर तो सहसा काळा पडतो, मरतो. एका बाजूने तो मूळ जागेला जोडलेला ठेवला तर त्याला तिथून रक्त मिळत राहतं, आणि नव्या जागी तो रुजेपर्यंत जगतो. आज रुग्णालयात सर्जन ज्याला फ्लॅप म्हणतात त्याचं सगळं मर्म 'सानुबन्ध' आणि 'जीवत्' या दोन शब्दांत आहे. रक्ताभिसरणाचा सिद्धांत माहीत नसताना हे लिहिलंय. म्हणजे हे हाताला कळलेलं होतं.

आणि नाक? ज्या नाकासाठी सुश्रुताचं नाव जगभर घेतलं जातं ते नाक अध्यायाच्या अगदी शेवटी येतं, मोजक्या श्लोकांत. झाडाचं एक पान नाकाच्या मापाचं घ्या, त्या मापाने 'गण्डपार्श्वात्', गालाच्या बाजूने कातडी उचला, नाकाचं टोक खरवडून तिथे बसवा, श्वासासाठी दोन नळ्या घाला, वर पतंग नावाच्या झाडाचं लाकूड, ज्येष्ठमध आणि रसांजन नावाचं औषध यांची पूड, मग कापूस ठेवून तिळाच्या तेलाची धार. अध्यायाचा मोठा भाग कानांचा आहे. कानावर सिद्ध झालेली युक्ती नाकाला लावली, असा त्या अध्यायाचा ओघ आहे.

गाल हा शब्द कृपया लक्षात ठेवा. सुश्रुताने कपाळाची कातडी वापरून नाक केलं, हे वाक्य मी चांगल्या चांगल्या पुस्तकांत वाचलंय. ते छापील संहितेत नाही. कपाळाची पद्धत आपल्यासमोर येते ती फार नंतर, आणि ती येते दख्खनमध्ये. निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी सतराव्या शतकाच्या अखेरीस विजापूर भागातल्या लढायांबद्दल लिहिताना सांगतो की नाक कापलेल्या माणसांच्या भुवयांवरची कातडी खाली ओढून इथले शस्त्रवैद्य नाक करतात. नाक कापणं ही शिक्षा होती, युद्धातली विटंबना होती. पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं जातं ती कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. 'घराण्याचं नाक कापलं' हे आपण आजही म्हणतो. ज्या समाजात नाक म्हणजे अब्रू, तिथे नाक जोडणाऱ्याला काम कमी नव्हतं.

आणि मग पुणं. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर एक बैलवाला होता, कावसजी. नाव पारशी वाटतं. पण छापील वृत्तांत त्याला मराठा, शेतकरी जातीचा म्हणतो. तो कैद झाला, त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. थॉमस क्रुसो आणि त्यांच्याबरोबरचे आणखी एक इंग्रज डॉक्टर यांनी हे शस्त्रकर्म पाहिलं होतं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याचं वर्णन छापून आलं, खाली फक्त 'बी. एल.' अशी सही.

वर्णन साधं आहे. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवायचा, नाकाचा आकार द्यायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. त्या रेघेवर कातडी सोडवायची, दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवून. म्हणजे पुन्हा सानुबन्ध. खुंटावर चीर घ्यायची, कपाळाची कातडी उलटी फिरवून खाली आणायची, तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. टाका नाही. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक. विड्यातला तोच कात. चार दिवस हात लावायचा नाही, मग तुपात भिजवलेली कापडं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

पान जाऊन मेण आलं, गाल जाऊन कपाळ आलं, रसांजन जाऊन कात आला. ग्रंथ पाठ करून कोणी हे केलेलं नाही. तत्त्व एकच, बाकी सगळं बदललेलं. कामातून शिकलेल्या माणसांची विद्या अशीच बदलत जाते.

हा मजकूर वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने वर्षानुवर्षं विचार केला, भारतातून परतलेल्यांना विचारलं, प्रेतांवर सराव केला, आणि १८१४ मध्ये स्वतः तसं शस्त्रकर्म केलं. त्याचा वृत्तांत १८१६ ला छापला. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफने याच विषयावर ग्रंथ लिहिला आणि नाक घडवण्याच्या शस्त्रकर्माला 'ऱ्हायनोप्लास्टी' हे नाव रूढ झालं. हा भाग तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही.

मला रेंगाळायचंय ते एका उल्लेखापाशी. पुण्यातला तो शस्त्रकर्म करणारा कोण? वृत्तांत म्हणतो, विटा करणाऱ्यांच्या जातीचा माणूस. आपल्या भाषेत कुंभार. रुग्णाचं नाव आहे, पाहणाऱ्यांची आहेत, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं म्हणून त्याचंही आहे. ज्याने नाक केलं त्याचं नाव छापलेलं नाही.

सोनार, कुंभार. वैद्याची सुई आणि वैद्याचं शस्त्र या हातांत कधी गेलं? याचं एक ठरलेलं उत्तर आपण शाळेपासून ऐकतो की बौद्धांच्या अहिंसेने शल्यविद्या संपवली. मला ते पटत नाही. विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ; त्यातल्या महावग्गात बुद्धाच्या काळचा वैद्य जीवक राजगृहातल्या श्रेष्ठीची, म्हणजे धनिक व्यापाऱ्याची, कवटी उघडतो, वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राचं पोट उघडून आतड्याची गाठ सोडवतो, आणि हे सगळं कौतुकाने सांगितलंय. त्याच महावग्गात बुद्ध भिक्षूंच्या गुह्य जागी शस्त्र लावायला मनाई करतात हेही खरं. पण ती मनाई एका भगंदराच्या शस्त्रकर्माच्या प्रसंगातून आलेली आहे, विद्येविरुद्ध नाही.

शोध घ्यायचा तर तो शुद्धी-अशुद्धीच्या कल्पनांमध्ये घ्यावा, असं माझं मत आहे. यज्ञाचं डोकं तुटलं आणि अश्विनीकुमारांनी ते जोडलं, ही कथा तैत्तिरीय संहितेत आहे. तिथे देव म्हणतात, हे दोघे माणसांत फिरणारे वैद्य, अपवित्र. आणि निष्कर्ष निघतो, 'तस्माद्ब्राह्मणेन भेषजं न कार्यम्', म्हणून ब्राह्मणाने औषधोपचार करू नये. आता सुश्रुताचा पहिला अध्याय उघडा. तिथे हीच कथा आहे आणि निष्कर्ष उलटा आहे: देवांनी अश्विनांसाठी यज्ञभाग मिळवला, म्हणून आयुर्वेदाच्या आठही अंगांत शल्यतंत्र, म्हणजे शस्त्रक्रियेचं अंग, पहिलं. मी ही दोन पानं शेजारी ठेवून वाचतो तेव्हा मला एक भांडण ऐकू येतं. शस्त्रवैद्य आपली जागा मागतोय, आणि पुरावा म्हणून ज्या कथेने त्याला बाहेर काढलं तीच पुढे करतोय. पुढे मनुस्मृतीत वैद्याचं अन्न म्हणजे पू, असं म्हटलं गेलं. त्या भांडणात कोणाची सरशी झाली हे त्या ओळीतून दिसतं.

याला जोडून एक गोष्ट. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयात सुश्रुतसंहितेची इ. स. ८७८ ची ताडपत्रावरची पोथी आहे. आपल्या छापील प्रतींत अध्यायाच्या सुरुवातीला येणारं 'यथोवाच भगवान् धन्वन्तरिः', भगवान धन्वंतरींनी सांगितल्याप्रमाणे, हे वाक्य नेपाळच्या पोथ्यांत नाही. ग्रंथाला देवाचं नाव अध्यायागणिक लागलं ते नंतर. माझं अनुमान असं की ग्रंथ देवघराकडे सरकत गेला आणि शस्त्र भट्टीकडे. याला पुरावा हवा, आणि तो संस्कृत पोथ्यांत मिळणार नाही.

तो मिळाला तर मोडीत मिळेल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यांत लढाया आणि महसूल शोधणारे पुष्कळ झाले. जखमी शिपायांवरचा खर्च, वैद्यांना आणि जर्राहांना, म्हणजे जखमांवर शस्त्रकर्म करणाऱ्यांना, दिलेली बिदागी, कुणा कुंभाराला मिळालेलं इनाम, या नोंदींसाठी कोणीतरी ते रुमाल सोडायला हवेत. इथे मोडी शिकणारी मुलं-मुली बसली आहेत. १७९० ते १७९५ या वर्षांपासून सुरुवात करा. एखाद्या खर्चाच्या यादीत त्या माणसाचं नाव असू शकतं.