पणजीभोवतीची वस्ती आणि रोजची ये-जा

नमस्कार. कार्यक्रम वीस मिनिटे उशिरा सुरू झाला, याचे कारण मी आहे, आणि माझ्या उशिराचे कारण आजचा विषयच आहे. पणजीहून फोंड्याकडे निघालेली आमची बस म्हार्दोळपर्यंत बरी आली आणि फर्मागुढीच्या चढणीवर एका लादलेल्या ट्रकच्या मागे अडकली. पुढे जायला जागा नव्हती, आणि मागे दुचाकींची रांग थेट वळणापलीकडे गेली होती. आयोजकांची मी क्षमा मागतो. ट्रकवाल्याला मात्र दोष देत नाही, कारण त्यालाही दुसरा रस्ता नव्हता.

‘लोकसंख्या वाढली म्हणून वाहतूक वाढली’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि त्या सवयीने आधी आकडे पाहतो. 1961 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे 5 लाख 90 हजार होती. मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकात ती जवळपास 35 टक्क्यांनी वाढली, कारण खाणी, बांधकाम, नवी सरकारी खाती, शाळा या सगळ्यांना माणसे हवी होती आणि ती शेजारच्या मुलखांतून आली. पुढे वेग कमी होत गेला. 2001 ते 2011 या दहा वर्षांत वाढ फक्त 8.2 टक्के झाली आणि 2011 ची लोकसंख्या 14 लाख 58 हजार भरली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा प्रजननदर 1.3 निघाला, म्हणजे येथे जन्मणाऱ्या मुलांच्या बळावर लोकसंख्या टिकणेही कठीण आहे. 2021 ची जनगणना लांबत लांबत आता 2027 वर गेली आहे, त्यामुळे ताजा आकडा हाती नाही. पण अलीकडे डोकी झपाट्याने वाढली म्हणून रस्ते तुंबले, असे गोव्यापुरते तरी म्हणता येत नाही.

मग वाढले काय? माझे उत्तर असे की, घर आणि काम यांच्यामधले अंतर वाढले. त्या अंतरावर आपण दिवसातून किती वेळा ये-जा करतो, हे कुठल्याच दप्तरात नीट मांडलेले नाही.

2011 मध्ये पणजी महापालिकेच्या हद्दीत 40 हजार माणसे राहत होती. त्याच जनगणनेने शहराला चिकटलेल्या वस्तीसह जो नागरी समूह धरला, त्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 14 हजार होती. राजधानीचे गाव चाळीस हजारांचे, आणि त्याच्या अंगावरची वस्ती त्याच्या दुपटीहून थोडी कमी. फोंड्याचे तसेच आहे. पालिकेच्या हद्दीत 22 हजारांच्या आसपास, आणि तालुका 1 लाख 65 हजारांचा. बांदोडे, कुर्टी, कवळे येथली मंडळी ‘फोंड्यात राहतो’ असेच सांगतात, पण घरपट्टी पंचायतीत भरतात. जनगणनेत ‘जनगणना शहर’ अशी एक संज्ञा आहे. पाच हजारांवर वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे, आणि कामकरी पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, या तीन कसोट्यांना उतरलेले गाव कागदोपत्री गाव राहूनही जनगणनेपुरते शहर होते. 2011 मध्ये गोव्यात अशी 56 गावे होती आणि कायद्याने शहर ठरलेली फक्त 14. आपली नागरी लोकसंख्या 62 टक्के दिसते, ती याच हिशेबाने. छप्पन्न ठिकाणी शहर आहे. पण त्याला नगरपालिका नाही, नगर अभियंता नाही आणि बहुधा पदपथही नाही.

घर एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे ही तऱ्हा पणजीला जन्मापासून ठाऊक आहे. रायबंदर आणि पणजी यांना जोडणारा तीन किलोमीटरचा दगडी बांध 1630 च्या दशकात, लिन्यारेस या व्हाइसरॉयच्या काळात बांधला गेला. त्या वेळी राजधानी जुन्या गोव्यात होती. साथींनी ते शहर ओस पडू लागले, 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. पालखीसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या बांधावरून आजही सकाळी आठला बस, टँकर आणि स्कूटर जातात. बांधणाऱ्यांच्या कामाला दाद द्यावी, की त्यानंतरच्यांच्या आळसाला नावे ठेवावी, हे मी तुमच्यावर सोपवतो.

आता भूगोल पाहा. आपले जुने गाव पठारावर नव्हते आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारजमिनीतही नव्हते. ते दोहोंच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी होते. वर जांभा दगड, काजू, गुरांचे चरणे. खाली बांध घालून आणि मानशीने, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराने, खारे पाणी अडवून केलेली शेते. आणि मधल्या पट्ट्यात, जिथे झर फुटते तिथे, घर, देऊळ, चर्च आणि वाडा. पठारावर पाणी नव्हते म्हणून माणूस नव्हता. नळ आला, टँकर आला, आणि पठार वस्तीला मोकळे झाले. मग आपण एकामागून एक सगळ्या संस्था पठारावर नेल्या. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, पणजीतल्या कांपालचे वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला, विधानसभा 2000 मध्ये पर्वरीला, पाठोपाठ सचिवालय, आणि 2021 मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारतही पर्वरीलाच. शहराबाहेर जाण्यात चूक काही नव्हती. चूक अशी की ही ठिकाणे एकमेकांना जोडणारे रस्ते आजही मेरशी, पाटो आणि मांडवीचे पूल याच दोन-तीन गाठींतून जातात. बांबोळीच्या इस्पितळात काम करणारी आणि पर्वरीत राहणारी परिचारिका पणजीत काही काम नसताना रोज दोनदा पणजीच्या अंगावरून जाते.

यात मीही आहेच. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाने मी कदंब पठारावर सदनिका घेतली. मेरशीहून जुन्या गोव्याकडे जाणाऱ्या बगलरस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जी इमारतींची रांग उठली आहे, तिच्यातली एक आमची. जिन्यावरून पाहिले की खाली करमळीचे तळे दिसते, आणि त्या तळ्याला पाणी पुरवणारे पठार आम्ही फरश्यांनी झाकले आहे. शेजारच्या इमारतीत दिवाळीत मोजक्याच खिडक्यांत आकाशकंदील लागतात. 2011 च्या जनगणनेतही गोव्यातले जवळपास पाचातले एक घर रिकामे होते, म्हणजे घरबांधणी ही राहणाऱ्या माणसांच्या मागणीवर चाललेली नाही. जे राहतात त्यांची सकाळ मी गॅलरीतून पाहतो. पावणेआठला आमच्या खालच्या मजल्यावरची बाई स्कूटर काढते. पुढे उभा मुलगा, मागे मुलगी, दोन दप्तरे, डबा, आणि जून लागला की आसनाखाली कोंबलेला रेनकोट. मुलांना पणजीच्या शाळेत सोडून ती आणखी पुढे, बेतीच्या पलीकडे, आपल्या कचेरीत जाते. ‘शाळा जवळची का नाही घेतली?’ असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, ‘सर, आईचे घर पणजीत आहे. दीड वाजता मुलांना कोण घेणार?’

या दीड वाजण्याकडे तज्ज्ञांचे लक्ष क्वचितच जाते. मुंबई-पुण्याच्या वाहतुकीला दोन भरती असतात, सकाळी आणि संध्याकाळी. आपल्याकडे शाळा आठला भरते आणि दीडच्या सुमारास सुटते. दुकानदार एकला फळी लावतो, घरी जाऊन शीत-कडी जेवतो, घटकाभर पडतो आणि साडेतीनला परत येतो. म्हणजे दिवसाला दोन नव्हे, चार खेपा. घर पणजीतच, मळा किंवा भाटले या वाड्यांत होते तेव्हा या चार खेपा पायी होत आणि त्यांचा भार कुणावरही पडत नसे. घर पठारावर गेले, पण जेवणाची वेळ आणि वामकुक्षी जागच्या जागी राहिली. या सवयीला मी दोष देत नाही, माझीही तीच आहे. पण दहा किलोमीटरवरून पाळली जाणारी वामकुक्षी महाग पडते.

पुलांबद्दल थोडे बोलतो, कारण आपला सगळा भरवसा त्यांच्यावर असतो. मांडवीवरचा पहिला पूल 1970 मध्ये झाला आणि 5 जुलै 1986 रोजी कोसळला. मी तेव्हा पणजीत नव्यानेच शिकवू लागलो होतो. म्हापशाकडून येणारे सहकारी बेतीला बसमधून उतरत, फेरीबोटीने नदी ओलांडत आणि चिखलाची पावले घेऊन वर्गावर येत. दुसरा पूल 1992 मध्ये झाला, तिसरा, अटल सेतू, जानेवारी 2019 मध्ये. तिकडे जुवारीवर नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर 2022 मध्ये खुली झाली. प्रत्येक पुलाने काही काळ सुटका केली, हे खरेच आहे. पण पूल झाला की पलीकडची जमीन अलीकडच्या कचेरीला ‘पंधरा मिनिटांवर’ येते, जाहिराती लागतात, इमारती उठतात आणि कोंडी एक चौक पुढे सरकते. आज ती पर्वरीला आहे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याची जमीनही याच हिशेबात आली आहे. आणि बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून दुचाकीवर रोज कामाला येणारी मुले तर आपल्या कुठल्याच आराखड्यात नाहीत, कारण ती राज्याच्या हद्दीपलीकडे झोपतात.

बसचा विषय मात्र मी इतक्यात सोडणार नाही. कदंब महामंडळ 1980 मध्ये निघाले, आणि त्याची शटल ही माझ्या मते गोव्याच्या वाहतुकीतली सर्वांत शहाणपणाची कल्पना आहे. खिडकीवर तिकीट काढायचे, रांगेत बसायचे, बस मधे कुठे थांबत नाही. पण ती स्थानकापासून स्थानकापर्यंत जाते, आणि वस्ती आता स्थानकांभोवती राहिलेली नाही. बाकीचा भार लहान खासगी बसगाड्या वाहतात. त्या चांगला धंदा असेल तेव्हा धावतात, आणि रात्री आठनंतर तो नसतो. हॉटेलात, दुकानात, इस्पितळात रात्री उशिरा सुटणाऱ्या माणसाने मग काय करावे? तो पहिल्या पगारात दुचाकीचा हप्ता सुरू करतो. एकदा गाडी दारात आली की सकाळच्या बसचा उतारूही कमी होतो. सकाळची गर्दी रात्रीच्या बसवर ठरते, हे मला फार उशिरा कळले. रेल्वेचे तर विचारू नका. आमच्या पठाराच्या पायथ्याला करमळी स्थानक आहे, पण कोकण रेल्वेचा तो एकेरी मार्ग लांब पल्ल्याच्या गाड्यांनी व्यापलेला. नऊच्या कचेरीला पोचवणारी गाडी शोधून सापडत नाही.

आणि हे सगळे पाहायचे कुणी? पणजीच्या एका सकाळच्या खेपेत माणूस तीन-चार पंचायती, एक महापालिका आणि एक नदी ओलांडतो. इमारतीचा परवाना एक पंचायत देते, तिच्या गाड्या मात्र दुसरीच्या चौकात उभ्या राहतात. 2018 मध्ये पणजीभोवतीची गावे एका मोठ्या नियोजन प्राधिकरणाखाली घेतली, तेव्हा गावे रस्त्यावर उतरली. त्यांना वाहतुकीचे नियोजन नको होते असे नाही. नियोजन या शब्दाचा अर्थ जमिनीचे रूपांतर असाच त्यांनी आजवर पाहिला होता. तुमच्या वाटेवरच्या भोमचे लोक रस्ता रुंद करण्याच्या विरोधात उभे राहिले, तेही मला समजते. रस्ता त्यांच्या घरांवरून आणि देवळांजवळून जाणार, आणि त्याचा उपयोग आम्हा पठारवाल्यांना.

प्रश्न असतील तर एक-दोनच घेऊ शकेन. परतीची शटल मिळायची तर मला स्थानकावर वेळेत पोचले पाहिजे, आणि अध्यक्ष महाशय मघापासून त्यांच्या गाडीने सोडण्याचा आग्रह करीत आहेत. त्यांच्या गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. पणजीच्या बाजूला जाणारे आणखी तिघे या सभागृहात असतील, तर त्यांनी हात वर करावा. मग मी आग्रह मोडणार नाही.